पांढऱ्या गच्चीचं तिसरं वर्ष

गच्चीला पांढरा लेप दिला की खालची खोली थंड राहते, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो किती वर्षं, हा. उघडा सिमेंटचा स्लॅब उन्हातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा परत फेकतो, ताजा पांढरा लेप सुमारे ८० टक्के. मग धूळ, काजळी, शेवाळ बसत जातं आणि दोन-तीन वर्षांत आकडा ६०च्या आसपास येतो. बरीचशी घसरण पहिल्याच वर्षातली. कॅलिफोर्नियाच्या इमारत-नियमांत सपाट छपरांसाठी ०.६३ परावर्तनाची अट आहे, तीही तीन वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या लेपाला. आपण मात्र डब्यावरचा ताज्या रंगाचा आकडा बघून पैसे मोजतो.

लेप मरतो तो मुख्यतः साचलेल्या पाण्याने. कोब्याचा उतार चुकला की पावसाळी पाइपाच्या तोंडाशी पोचण्याआधीच पाणी थांबतं, गाळाची काळी वर्तुळं उमटतात, ॲक्रिलिक फुगून पापुद्रे सुटतात. म्हणजे आधी उतार आणि ओल, मग रंग. चुना स्वस्त, पण एका पावसाळ्याचा सोबती. चायना मोझॅक महाग आणि वजनदार, मात्र चकचकीत तुकड्यांवरची धूळ पावसानेच निघते आणि सोलण्यासारखं तिथे काही नसतं. चंदेरी रंगाच्या नादी लागू नये: तो ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही, म्हणून पांढऱ्यापेक्षा तापतो.

त्यापेक्षा इन्सुलेशन बरं, असं कोणी म्हणेल. दिवसभर एसी चालणाऱ्या कचेरीत म्हणणं रास्त आहे. पण पंख्यावर राहणाऱ्या घरात दिवसा आत शिरलेली उष्णता रात्री छतातून निघायला तेच इन्सुलेशन आडवं येतं. हिवाळ्यात घर गार पडेल ही भीती नागपुरातही फारशी टिकत नाही. तेव्हा सूर्य खाली असतो, दिवस लहान. फायदा वरच्याच मजल्याला आणि वर्गणी सगळ्यांची, ही सोसायटीतली कुरकुर मात्र खोटी नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप पाण्याचा. धुतल्यावर लेपाचा बराचसा पांढरेपणा परत येतो, पण तो लागतो मार्चमध्ये, आणि मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला गच्ची धुवायला कोण सांगणार? तिथे कोरडा झाडू, ओलं फडकं आणि चिकटलेली काजळी तशीच, इतकंच शक्य. हिशेब मग ६०चाच धरावा. उघड्या स्लॅबच्या तो तरीही दुप्पट भरतो.