चेहऱ्यावर चांदणं पाडणारे दिवे



आज रात्री जेवणं झाली की एक गंमत करा. खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च घेऊन आरशासमोर उभे राहा. मोबाइलचा टॉर्चही चालेल. त्यावर पांढरा रुमाल एकपदरी धरा, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येणार नाही.

आधी टॉर्च हनुवटीखाली धरा. झालं ना भूत? नाकाची सावली थेट कपाळाकडे चढली! आता टॉर्च कानाच्या बाजूला न्या. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. गोष्टीतल्या गुप्तहेरासारखे दिसायला लागलात. आता हात उंच करा, टॉर्च समोरून कपाळाच्या वर धरा आणि हनुवटी जराशी उचला. गालांखाली हलकी सावली पडली, डोळ्यांत उजेडाचा ठिपका चमकला. एखाद्या जुन्या सिनेमातल्या नट-नटीसारखा चेहरा दिसतो की नाही?

चेहरा तोच, टॉर्च तोच. बदलली फक्त उजेडाची जागा.

अमेरिकेतल्या हॉलिवूडने या एवढ्याशा गमतीवर एक अख्खी दुनिया उभी केली. १९३० ते १९५० या काळात तिथे प्रेमाचे, ताटातुटीचे, रुमाल ओले करणारे कितीतरी चित्रपट निघाले. अशा चित्रपटांना 'मेलोड्रामा' म्हणतात. बहुतेक सगळे कृष्णधवल, म्हणजे काळे-पांढरे. तरी त्यांतल्या नायिका अशा झळकतात, की जणू त्यांच्या चेहऱ्यावर कुणी चांदणं सांडलंय. ते चांदणं पाडायचं कोण? चला, पडद्यामागे जाऊन बघू.

रंगांशिवाय रंग

पूर्वीच्या फिल्मला सगळे रंग दिसत नसत, बरं का! लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लालचुटूक ओठ पडद्यावर काळे यायचे आणि निळे डोळे अगदी फिके पडायचे. १९२०च्या दशकाच्या शेवटी सगळे रंग टिपणारी 'पॅनक्रोमॅटिक' फिल्म सर्रास वापरात आली. मग चेहऱ्याचे रंगही बदलावे लागले. मॅक्स फॅक्टर नावाच्या रंगभूषाकाराने १९२८ मध्ये या फिल्मसाठी वेगळा मेकअप तयार केला.

तरी पडद्यावर उमटायचं ते काळं, पांढरं आणि मधलं करडं. लाल साडी आणि हिरवी साडी शेजारी ठेवली, तर दोन्ही सारख्याच करड्या दिसू शकतात. मग पोशाख उठून दिसणार कसा? त्यासाठी कापडाचा पोत निवडत. साटीनवर उजेड पाण्यासारखा ओघळतो, मखमल तो पिऊन टाकते, टिकल्या त्याचे तुकडे करून उधळतात. कपडे शिवणाऱ्यांनाही दिव्यांचा विचार करावा लागे, तो असा.

१९३८ च्या 'जेझबेल' या चित्रपटात तर कमालच आहे. नृत्याच्या समारंभाला लग्न न झालेल्या मुलींनी पांढरा झगा घालायचा, अशी तिथली रीत. नायिका बेटी डेव्हिस हट्टाने लाल झगा घालून जाते. पडद्यावर लाल रंगाचा मागमूस नाही. पण सगळीकडे पांढरेशुभ्र झगे आणि मधोमध तिचा एकटीचा गडद झगा! बघणाऱ्याला तो लालच दिसतो. रंग आपल्या मनाने भरलेला असतो.

तीन दिवे आणि एक फुलपाखरू

कॅमेरामन चेहऱ्यासाठी साधारणपणे तीन दिवे लावत. पहिला मुख्य दिवा, चेहऱ्याला आकार देणारा. दुसरा मवाळ दिवा, पहिल्याने पाडलेल्या सावल्या थोड्या भरून काढणारा. आणि तिसरा पाठीमागचा. हा तिसरा दिवा मोठा लबाड! तो स्वतः लपून बसतो आणि केसांच्या कडांवर चांदीची रेघ ओढतो. त्यामुळे माणूस मागच्या काळोखापासून सुटा दिसतो. देवाच्या तसबिरीत प्रभावळ असते ना, तशीच ही.

मार्लेन डीट्रिच या जर्मन नटीचा १९३२ चा 'शांघाय एक्स्प्रेस' पाहिलात, तर मुख्य दिवा उंचावर, थेट समोर लावलेला कळेल. त्याने गालांची हाडं उठून दिसतात आणि नाकाखाली फुलपाखरासारखी इवलीशी सावली पडते. म्हणून त्याला 'बटरफ्लाय' प्रकाशयोजनाच म्हणतात. तुम्ही मघाशी हात उंच करून केलीत ती हीच! दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग प्रकाशाच्या बाबतीत फार काटेकोर होता. या चित्रपटासाठी कॅमेरामन ली गार्म्स याला ऑस्कर मिळालं.

१९४२ च्या 'कॅसाब्लांका'त कॅमेरामन होता आर्थर एडिसन. नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या जवळच्या दृश्यांत तो भिंगापुढे बारीक जाळी धरी. त्यामुळे चेहऱ्याच्या कडा धुक्यातल्यासारख्या मऊ होत. शिवाय तिच्या डोळ्यांत चमक दिसावी म्हणून खास छोटे दिवे लावलेले असत. ती रडत नसली, तरी डोळे आता भरून येतील असं वाटतं ते त्यामुळेच.

याच चित्रपटाच्या शेवटी धुक्यातला विमानतळ आहे. नायक-नायिकेची ताटातूट होते आणि बघणाऱ्यांचे डोळे पाणावतात. आता गंमत ऐका. ते दृश्य स्टुडिओच्या आत घेतलं होतं. मागे उभं असलेलं विमान म्हणजे छोट्या आकाराचा देखावा! ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याजवळ बुटक्या माणसांना कामगार म्हणून उभं केलं होतं. आणि धुकं कशाला? विमान खोटं आहे हे कळू नये म्हणून!

पेन्सिलीने पुसलेले ठिपके

सिनेमाच्या जाहिरातीसाठी नट-नट्यांचे फोटो काढत, त्यात जॉर्ज हरेल याचं नाव मोठं. त्याची जोन क्रॉफर्ड या नटीची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. जोनच्या चेहऱ्यावर भरपूर तपकिरी ठिपके होते. उन्हाने गोऱ्या कातडीवर येतात तसे. पण छापलेल्या फोटोत चेहरा संगमरवरासारखा! कारण फोटोची मोठी काच किंवा फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, समोर घेऊन कारागीर टोकदार पेन्सिलीने एकेक ठिपका तासन् तास भरून काढत बसे. आज मोबाइलमधला फिल्टर हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. काम तेच, फक्त पेन्सिल दिसत नाही.

एका चेहऱ्यामागे किती माणसं राबत, मोजा बरं. दिवे लावणारे, शिंपी, केशभूषाकार, रंगभूषाकार, कॅमेरामन, पेन्सिलवाला. आणि हे सगळं झाल्यावर अमेरिकेतल्या खेड्यातली एखादी मुलगी ते मासिक हातात घेऊन आरशात बघत असेल आणि म्हणत असेल, "मी अशी का नाही?" ती एकटी स्वतःची तुलना डझनभर माणसांच्या कामाशी करत होती!

मुंबईची मुलगी

आता एक खरीखुरी गोष्ट सांगते. ती आपल्या मुंबईपासून सुरू होते.

१९११ साली मुंबईत एक मुलगी जन्मली. नाव एस्टेल मर्ल थॉम्प्सन. आईच्या घराण्याची मुळं सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत होती. घरी गरिबी. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेलं. १९२८ च्या सुमारास ही मुलगी इंग्लंडला पोचली आणि सिनेमात शिरली. मर्ल ओबेरॉन या नावाने ती जगाला माहीत झाली. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९३९ च्या 'वुदरिंग हाइट्स'ची नायिका तीच. त्याच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणासाठी ग्रेग टोलंड याला ऑस्कर मिळालं.

पण मर्लने आपला जन्म मुंबईत झाला हे कधी सांगितलं नाही. टास्मानिया या ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटावर जन्मले, असंच तिच्याबद्दल छापून येई. का बरं? कारण तेव्हाची अमेरिका वेगळी होती. १९१७ च्या एका कायद्याने भारतीयांना तिथे कायमचं राहायला जाणं जवळजवळ बंदच केलं होतं. चित्रपटांच्या नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई होती. खरं सांगितलं असतं, तर नायिकेची कामं तिच्याकडे आलीच नसती.

जिने तिला लहानाचं मोठं केलं, ती सावळी शार्लट लंडनमध्ये तिच्याबरोबर राहत असे. पाहुणे आले की तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं सांगतात. विचार करा मुलांनो, घरच्याच माणसाला चारचौघांत आपलं म्हणायचं नाही!

१९३७ मध्ये लंडनला मोटार अपघात झाला आणि मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. इथे पुन्हा दिवा कामाला आला. १९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी कॅमेरामन ल्यूसियन बॅलर्ड याने कॅमेऱ्याच्या भिंगालगतच बसणारा एक दिवा वापरला. त्याने व्रण दिसेनासे झाले. कसे? एक संत्रं घ्या. टॉर्च बाजूने धरलात तर सालीवरचा खडबडीतपणा डोळ्यांत भरेल, कारण प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. आता टॉर्च तुमच्या डोळ्याच्या अगदी शेजारून संत्र्यावर मारा. सावल्या उंचवट्यांच्या मागे लपतात आणि साल गुळगुळीत वाटते. मर्लच्या नावावरून या दिव्याला 'ओबी' म्हणू लागले. तो अजूनही वापरात आहे. मोबाइलभोवती लावतात त्या गोल रिंग लाइटचं तत्त्वही हेच.

बॅलर्डच्या दिव्याने व्रण झाकले. मुंबई आणि शार्लट मात्र मर्लला स्वतःलाच झाकावी लागली, आणि तेही जन्मभर. १९७९ मध्ये ती वारली. तिच्या जन्माची खरी हकिगत जगाला नंतरच्या चरित्रांतून नीट कळली. २०२३ मध्ये मिशेल योह हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेव्हा आशियाई वंशाच्या अभिनेत्रींची आठवण निघाली. त्यात पहिलं नामांकन मिळवणारी म्हणून मुंबईच्या या मुलीचं नाव वर्तमानपत्रांत पुन्हा झळकलं.

वर्गाचा फोटो

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? शाळेत वर्गाचा फोटो असतो ना, त्या दिवशी आम्हा शिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकू येतं. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मी मागे उभी राहते. मी फोटोत काळी दिसते."

आम्ही उभे होतो पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे, भर उन्हात. कॅमेरा सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. मागे लख्ख भिंत असली, की त्याला वाटतं उजेड फारच झाला आणि तो सगळं चित्र गडद करतो. त्यात सावळे चेहरे बुडून जातात. म्हणजे चूक चेहऱ्याची की भिंतीची, सांगा पाहू?

आम्ही वर्ग कडुनिंबाच्या सावलीत नेला. पाठीमागे झाडी, तोंडं मोकळ्या आभाळाकडे. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यांवर बोट टेकवलं, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड चेहऱ्यांप्रमाणे घेतला. ती मुलगी पहिल्या रांगेत उभी राहिली. फोटोत तिच्या सावळ्या गालावर आभाळाचा उजेड छान चमकला होता. तिचे दात, तिच्या रिबिनी, हसताना बारीक होणारे डोळे, सगळं नीट दिसत होतं. पावडर कुणालाच लावावी लागली नाही.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर एखादा जुना कृष्णधवल चित्रपट लावा. एका दृश्यापुरता आवाज बंद करा आणि सगळे मिळून दिवे शोधा. नाकाची सावली कुठे पडली? केसांवर रेघ आहे का? डोळ्यांत ठिपके किती? बहुधा तेवढे दिवे समोर असतात. दिवे सापडले तरी नायिका तितकीच सुंदर दिसेल, काळजी नको. शिवाय तिला तसं दाखवणाऱ्या माणसांचंही कौतुक वाटेल.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी वर्गाच्या फोटोत कुणी मागे सरकायला लागलं, तर त्याला हाताला धरून पुढे आणा. फोटो काढणाऱ्याला सांगा, "काका, आधी उजेड बघा!"