जातं सांभाळायचं, तर पैसा कुठून आणायचा?

 

मानवत तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या मागच्या बैठकीत एक मावशी हळहळत म्हणाल्या, "सुनेनं तांब्याचं घंगाळ मोडीत घातलं. आता नातीला दाखवू तर काय दाखवू?" त्यावरून विषय निघाला. गावात एक खोली घ्यायची आणि जातं, उखळ-मुसळ, शेवयांचा पाट, कंदील असं सगळं तिथं मांडायचं, म्हणजे आपलं छोटं वस्तुसंग्रहालयच. टाळ्या पडल्या. मग आम्ही सवयीप्रमाणं हिशेबाची वही काढली.

अशी कामं माणसांनी केलेली आहेत. पुण्याचे दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे जमवले. म्हणजे बघा, निम्म्याहून जास्त आपल्याच घरातलं सामान! लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. वस्तू सुमारे २० हजार, पण मांडायला जागा अडीच हजारांनाच. पुढे त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जमवल्या. तेही आज शासनाचंच संग्रहालय आहे. जमवायला एक वेडा माणूस पुरला, पण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायला सरकार लागलं.

कारण जमवण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा दर महिन्याला. लाकडाला वाळवी लागते, कापडाला कसर, पितळ काळं पडतं, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. आमच्या खोलीचा हिशेब आम्ही असा मांडला: राखणदार बाईला महिन्याला ५,००० रुपये, वीज ५००, साफसफाई आणि औषधफवारणी ५००. वर्षाचे झाले ७२,०००. तिकीट दहा रुपये ठेवलं, तर वर्षाला ७,२०० माणसं यायला हवीत, म्हणजे सणवार धरून रोज वीस. आता सांगा, कापूस वेचणीच्या दिवसांत रोज वीस माणसं पैसे देऊन जातं बघायला येतील का? आम्हीसुद्धा नाही जाणार!

व्याजावर चालवायचं म्हटलं, तर सहा टक्क्यांनी १२ लाखांची ठेव लागते. अनुदान मिळालंच, तर ते बहुतेक इमारतीला आणि मांडणीला असतं, महिन्याच्या पगाराला नाही. फिरता निधी आला म्हणून गट चालत नाही, बचत चालू राहिली तरच चालतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मोठ्या संग्रहालयांचीही हीच ओढाताण असते. २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली, तिकिटाची कमाई थांबली. वाळवी काही थांबली नाही.

खोलीला कुलूप लागलं तर काय, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जड गेला. कुणाच्या सासूचं जातं, कुणाच्या आईचा पाट आपण विश्वासानं मागून आणणार. पैसे संपले की आधी राखणदार जाते, मग पत्रा गळतो. त्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून फिरतं संग्रहालय चालवलंय. माणसं येत नाहीत, तर वस्तू माणसांकडे न्यायच्या. आपल्याकडे बस नाही, पण संक्रांतीचं हळदीकुंकू आहे आणि शाळेचा हॉल आहे. म्हणून ठरलं असं की, खोली सध्या नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहतील. आम्ही फक्त नोंदवही करू: वस्तू कुणाची, कशाची, कशाला वापरायची, मोडीत घालायच्या आधी गटाला विचारायचं. वर्षातून एकदा दोन दिवस मांडायचं, ज्वारीच्या भाकरी-पिठल्याचा स्टॉल लावायचा आणि उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. दोन वर्षांचा खर्च त्या खात्यात साठला, की मग खोलीचं बोलू. काही जणींना हे फार सावध वाटलं, त्या अजून रुसलेल्या आहेत.

नोंदवहीत पहिली नोंद झाली ती एका आजीच्या अडकित्त्याची. अडकित्ता मात्र त्यांच्या चंचीतच आहे, कारण सुपारी रोज लागते.