अभिनय शिबिर : काय मिळते, काय मिळत नाही

मंडळाच्या सभागृहाबाहेरील भिंतीवर गेल्या दोन वर्षांत ज्या जाहिराती चिकटल्या, त्यांत स्पर्धा परीक्षांच्या वर्गांखालोखाल अभिनयाच्या वर्गांचा क्रमांक लागतो. "मालिका व वेबसिरीजमध्ये खात्रीशीर संधी" हे वाक्य बहुतेक जाहिरातींत असते. आमच्या एका सभासदांच्या मुलाने अशाच एका वर्गाकडे कर्ज काढून पैसे भरले. त्यात फोटोंचा अल्बम आला, 'नोंदणी' आली, मुंबईची दोन दिवसांची फेरी आली. काम आले नाही. आता त्या वर्गाचा फोन लागत नाही आणि हप्ते मात्र दर महिन्याला लागतात. मुलगा गुणी आहे, जयंतीच्या कार्यक्रमात त्याचे काम आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणूनच स्मरणिकेच्या या अंकात हा विषय घ्यावा असे आम्हांस वाटले. अभिनयाचे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते कोठे मिळते, त्याला किती खर्च येतो आणि त्यातून पोट कसे भरते, हे पालकांना व विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे.

रंगमंच आपल्या समाजाला नवा नाही. सत्यशोधक जलशांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे अनेक जलसाकार दिवसभर कष्ट करून रात्री गावोगाव उभे राहत. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते. पण ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचविणे, विरोधकांनी गलका केला तरी सवाल-जबाब न सोडणे, हे शिक्षण त्यांनी रोजच्या प्रयोगातून घेतले. पुढे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली विद्यार्थ्यांनी केले. महाविद्यालयाचे सभागृह हीच त्या मुलांची नाट्यशाळा होती.

हा इतिहास सांगितला की कोणी तरी हमखास विचारतो, "मग शिकायचे कशाला? 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे, 'सैराट'मधली रिंकू राजगुरू कोठे शिकले होते?" प्रश्न रास्त आहे. दोघेही सोलापूर जिल्ह्यातले, शाळकरी वयात निवडले गेले आणि दोघांच्याही कामाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दखल घेतली गेली. आपल्या नागपूरचे वीरा साथीदार 'कोर्ट' या २०१४ च्या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे झाले. ते व्यवसायाने नट नव्हते. परंतु २०२१ साली कोरोनाने आपल्यातून गेलेल्या या माणसाने आयुष्य चळवळीत, सभांत आणि गाण्यांत घालविले होते. ती भूमिका त्यांच्या अंगात आधीपासूनच मुरलेली होती. दिग्दर्शक एखाद्या भूमिकेसाठी नेमका चेहरा शोधत गावात येतो, तेव्हा ज्याला तो भेटतो त्याचे भाग्य. दुसऱ्या भूमिकेसाठी मात्र स्वतःच्या स्वभावापासून दूर जावे लागते, आणि तेथे शिक्षणावाचून भागत नाही.

आता शिबिरात काय होते ते पाहू. चांगले शिबिर आठ-दहा दिवसांचे असते आणि पहिले तीन दिवस तेथे कोणी 'अभिनय' करीत नाही. सकाळी श्वासाचे व आवाजाचे काम चालते. घशातून ओरडणारा मुलगा दुसऱ्या प्रयोगाला बसलेला आवाज घेऊन येतो. पोटातून श्वास घेऊन बोलणारा महिनाभर टिकतो. मग चालणे, उभे राहणे, वजन उचलणे. समोर घागर नसताना घागर उचलायची. ती रिकामी आहे की भरलेली, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. ज्या मुलींनी खरोखर पाणी वाहिले आहे त्या हा पाठ शहरी मुलांहून लवकर करतात, हे आम्ही पाहिले आहे. दुपारी निरीक्षण असते. बसस्थानकावर तासभर बसून एका माणसाची बसण्याची, पैसे मोजण्याची, रागावण्याची तऱ्हा टिपायची आणि संध्याकाळी ती करून दाखवायची. नक्कल वेगळी आणि निरीक्षण वेगळे, हे येथे समजते. नक्कल करणारा हसवितो. निरीक्षण करणाऱ्याला त्या माणसाची घाई कशामुळे आहे हे सांगावे लागते.

त्यानंतर संहिता येते. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. नाटक गोल बसून चार-चार वेळा वाचायचे, प्रत्येक वाक्यामागे पात्राला काय हवे आहे ते शोधायचे, आणि मगच उठून हालचाली बसवायच्या. पाठांतर चोख असलेली आपली मुले येथे अडतात, कारण शाळेने त्यांना कविता पाठ करायला शिकविले, विचारायला शिकविले नाही. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका गावोगावच्या हौशी मंडळांनी केली. ती नुसती पाठ करून म्हटली तर भाषण होते. तहानलेल्या माणसाला पाणी मागताना लाज वाटते की राग येतो, हे नटाने ठरविले तर नाटक होते.

भाषेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. आपल्या मुलांना पहिल्याच दिवशी "उच्चार सुधारा" असे सांगितले जाते. 'पाणी'चे 'पानी' झाले की वर्गात खसखस पिकते आणि मूल गप्प होते. काही मुले तर दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. प्रमाणभाषेचे उच्चार आले पाहिजेत, यात वाद नाही. नटाला जितक्या भाषा येतील तितक्या भूमिका त्याला करता येतील. पण झाडीबोली किंवा वऱ्हाडी विसरून ती शिकायची हा सल्ला चुकीचा आहे. 'सैराट'मध्ये सोलापुरी बोली लोकांनी राज्यभर डोक्यावर घेतली. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांची संकल्पना व संगीत असलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले नाटक २०१२ साली आले. त्यातली मंडळी जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली होती आणि आपलीच बोली घेऊन ती पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत उभी राहिली. जो शिक्षक बोलीला हसतो, त्याच्या वर्गात पैसे भरू नयेत.

शिबिर ही तोंडओळख आहे. खरा अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांचा असतो. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून चालू आहे. तेथे तीन वर्षांची पदविका आहे आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे तेथे शिकायला पैसे मोजावे लागण्याऐवजी हातखर्चाची सोय होते. अट अशी की पदवी हवी, हिंदी-इंग्रजीचे कामापुरते ज्ञान हवे आणि किमान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतलेला असावा. म्हणून स्पर्धेची प्रमाणपत्रे व माहितीपत्रके जपून ठेवावीत. आपल्याकडे ती पहिल्याच पावसात भिजून जातात. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची २००३ साली वामन केंद्रे यांनी उभी केलेली नाट्यकला अकादमी, छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, या आपल्या राज्यातील जागा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही अभिनयाचा अभ्यासक्रम आहे, पण तेथील खर्च आधी नीट विचारून घ्यावा.

येथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त नाट्य अभ्यासक्रमाला इतर पदव्यांप्रमाणेच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्या नाटक शिकणाऱ्यालाही लागू आहेत. खाजगी वर्गाला ही शिष्यवृत्ती नाही. तेव्हा कर्ज काढून वर्ग लावण्याआधी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रिका एका पिशवीत घालून विद्यापीठाची वाट धरावी.

शिक्षणानंतर काम कोठे? सर्वांची नजर मुंबईकडे असते. आपल्या शेजारी मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी उभी आहे, तिच्याकडे नागपूरची शिकलेली मुले नाक मुरडतात. दंडार आणि खडी गंमत यांतून वाढलेली ही रंगभूमी दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने सुरू होते आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत चालते. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, येथे मंडळ्यांची कार्यालये थाटली जातात आणि गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. रात्री सुरू झालेला प्रयोग उजाडताना संपतो, प्रेक्षक हजारोंनी असतात आणि नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात. गाता येणाऱ्याला विशेष मान. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. तेथे हल्ली नाचगाणी फार वाढली आहेत, विनोद पातळ झाले आहेत, हे आम्हांसही खटकते. हंगाम संपला की बहुतेक कलावंत शेतीवर किंवा मजुरीवर जातात आणि कोरोनाच्या काळात तर हंगामच बुडाला, हेही खरे. तरीसुद्धा पहाटे तीन वाजता थंडीत बसलेल्या माणसाला जागे ठेवण्याचा सराव दुसऱ्या कोणत्याही वर्गात मिळत नाही. दोन हंगाम झाडीपट्टीत काढून मग मुंबईला जाणारा मुलगा रिकाम्या हाताने जात नाही.

शिक्षण आणि मजुरी यांची सांगड कशी घालावी, याचे एक उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. सागर तालुक्यातील हेग्गोडू या लहानशा गावात 'नीनासम' ही संस्था १९४९ पासून आहे. के. व्ही. सुब्बण्णा यांनी तेथे १९८० मध्ये नाट्यशिक्षण सुरू केले आणि १९८५ पासून 'तिरुगाट' नावाची फिरती नाटकमंडळी उभी केली. शिकलेली मुले लगेच नाटक घेऊन राज्यभर फिरतात. सुब्बण्णांना १९९१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या बागांच्या गावात हे होते, तर वडसा-ब्रह्मपुरीकडे का होऊ नये, असा विचार आमच्या बैठकीत अनेकदा निघाला आहे. पैशाचे गणित अजून जमलेले नाही.

पडद्यामागील कामांचा उल्लेख ओझरता करतो, पण तो महत्त्वाचा आहे. प्रकाशयोजना, रंगभूषा, नेपथ्य, ध्वनी ही कामे येणाऱ्याला नटापेक्षा नियमित काम मिळते. शिबिरात प्रत्येकाने यांपैकी एक तरी हाताखाली घालावे.

शेवटी व्यवहार. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. जो पात्रनिवडीसाठी, ओळखपत्रासाठी किंवा 'नाव पुढे करण्यासाठी' पैसे मागतो, त्याला तेथेच नमस्कार करावा. अल्बमची गरज नाही; मोबाईलवर काढलेले समोरून, दोन्ही बाजूंनी व पूर्ण उंचीचे साधे फोटो पुरतात. घरून चित्रफीत पाठवायची असेल तर मागे साधी भिंत, प्रकाश चेहऱ्यासमोर, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, आणि समोरच्या पात्राची वाक्ये म्हणणारा मोबाईलच्या शेजारी उभा असावा. काम मिळाले तर दिवसाचे मानधन, दिवस किती, प्रवास व राहण्याचा खर्च कोणाकडे आणि पैसे कधी, हे कागदावर घ्यावे. मालिकांत पैसे पुष्कळदा तीन महिन्यांनी हातात येतात, तेव्हा तेवढे दिवस मुंबईत कसे काढणार याचा हिशेब निघण्याआधी करावा. मानधनातून कर कापला जातो. पॅन कार्ड असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

मूल लहान असेल तर कायदा स्पष्ट आहे. २०१६ ची दुरुस्ती व २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. परवानगीचा कागद पाहावयास मागावा. तो दाखविण्यास निर्माता टाळाटाळ करीत असेल तर मुलाला घेऊन घरी परतावे.