मृदाखनन-यंत्रांच्या जीर्ण कळा व चालक-नियंत्रणे : बोदवड परिसराच्या संदर्भात

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मलकापूरच्या अलीकडे, बोदवड हे स्थानक लागते. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील हा तालुका कापसाचा व काळ्या मातीचा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात असूनही पाण्याविषयी कायम चिंतातुर. म्हणूनच ‘बोदवड परिसर उपसा सिंचन योजने’सारखा मोठा प्रकल्प ह्या भागासाठी आखावा लागला. खानदेशात माती उपसणारी अवजड यंत्रे गावोगाव दिसू लागली, त्याचेही मूळ ह्याच तहानेत आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाल्यांचे रुंदीकरण व खोलीकरण झाले. २०१४ च्या डिसेंबरात राज्यशासनाने ‘जलयुक्त शिवार अभियान’ आरंभिले व २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. नाला, तलाव व शेततळे यांच्या कामांबरोबर यंत्रही शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. एका फ्रेंच कारखान्याचे ‘पोक्लेन’ हे नाव ‘पोकलेन’ ह्या रूपाने साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या कोणत्याही खननयंत्राचे सामान्यनाम बनले, आणि पुढे लोडर व मागे खोदणारा हात असलेले कोणतेही चाकांचे यंत्र ‘जेसीबी’ ठरले.

ह्या यंत्रांचे इंजिन, द्रवचलित पंप, साखळ्या व बादलीचे दात ह्यांच्या झिजेविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु चालकाच्या हाताशी असलेल्या कळा, खटके व दांड्या ह्यांच्या झिजेकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तू लहान, किंमत अल्प, आणि बिघाड झाला तरी दोन तारा जोडून यंत्र ‘चालू’ करता येते, ही त्याची कारणे होत. दोन तारा जोडण्याचा हा उपाय किती महाग पडू शकतो, हे समजण्यासाठी कळेच्या आत काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

विद्युत्-कळ म्हणजे दोन धातुबिंदूंचा हवा तेव्हा होणारा व हवा तेव्हा तुटणारा स्पर्श. हे बिंदू बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. डोळ्यांना ते सपाट दिसले तरी प्रत्यक्ष स्पर्श काही मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच होतो व सर्व प्रवाह तेवढ्यातून वाहतो. बिंदू दूर होऊ लागले की शेवटचा उंचवटा वितळतो, त्याची वाफ होते आणि तेथे क्षणभर ज्योत पेटते. चांदीच्या बिंदूंमध्ये ही ज्योत टिकण्यासाठी सुमारे १२ व्होल्ट विभवांतर व सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टच्या यंत्रात ज्योत कशीबशी तगते. पोकलेनसारख्या २४ व्होल्टच्या यंत्रात मात्र तिला भरपूर अवसर मिळतो. घरगुती प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास १०० वेळा शून्यावर येतो व ज्योत आपोआप विझते. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. म्हणून ‘२५० व्होल्ट, १० अँपिअर’ असे छापलेली घरगुती कळ २४ व्होल्टला सहज पुरेल, हा तर्क फसवा आहे. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी दिलेला अंक एकदिश प्रवाहास लागू पडत नाही.

त्यातून यंत्रातील पुष्कळसा भार प्रेरकत्वाचा असतो. द्रवचलित झडपा उघडणारी विद्युत्-चुंबकी वेटोळी (कारखान्याच्या भाषेत ‘सोलेनॉइड’) आपला प्रवाह सहजासहजी तुटू देत नाहीत. कळ उघडताच त्यांच्या टोकांशी मूळच्या कित्येक पटींनी अधिक विभवांतर उत्पन्न होते व ते कळेच्या बिंदूंवर फुटते. वेटोळ्याशी समांतर जोडलेला डायोड ह्या उसळीला वाट करून देतो. तो निकामी झाला असता नवी कळही अल्पकाळातच जळते, आणि दोष मात्र कळेच्या माथी येतो. दिव्यांची तऱ्हा निराळी आहे. ७० वॅटचे चार हॅलोजन दिवे २४ व्होल्टवर पावणेबारा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात; परंतु तंतू थंड असताना त्याचा रोध अत्यल्प असल्याने पेटतेवेळीचा प्रवाह त्याच्या सुमारे दसपट असतो. अशा भारासाठी मध्ये रिले घालून कळेला फक्त रिलेचे वेटोळे चालवू देणे, हीच योग्य रचना होय. रात्रपाळीसाठी मालक दिवे वाढवितो व जुन्याच कळेवर जोडतो, तेथे कळ वितळली तर नवल नाही.

उलट प्रकारचा बिघाडही असतो. नव्या यंत्रांत कळ पुष्कळदा नियंत्रक-संगणकाला केवळ काही मिलिअँपिअरचा संकेत देते. एवढ्या क्षीण प्रवाहात ज्योत पेटत नाही, पण बिंदूंवर बसलेला सल्फाइडचा थरही जळून जात नाही. म्हणून अशा कळांचे बिंदू सोन्याने मढविलेले असतात. तेथे जाड चांदीची ‘मजबूत’ कळ बसविली तर काही महिन्यांनी संकेत कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि दोष संगणकाचा समजून नवा संगणक आणला जातो.

बोदवड परिसराचे हवामान ह्या सर्व क्रियांना पोषक आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो, आणि उन्हात उभ्या यंत्राच्या काळ्या फलकाचे तापमान त्याहूनही बरेच अधिक असते. रबरी आवरणे कडक होऊन भेगाळतात. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेली काळी माती माँटमोरिलोनाइट ह्या चिकणखनिजाने युक्त असते. तिची धूळ अत्यंत सूक्ष्म व पाणी शोषून घेणारी असते. चैत्र-वैशाखात ती कळेच्या आत शिरून निरोधकाचे काम करते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच तीच ओलावून दोन अग्रांमध्ये क्षीण वाहक थर तयार करते. एकाच कळेने उन्हाळ्यात ‘लागत नाही’ व पावसाळ्यात ‘सुटत नाही’ अशा परस्परविरुद्ध तक्रारी कराव्यात, ह्याचे कारण हे होय. बिघाड नेमका गर्दीच्या हंगामात उद्भवतो. पिके निघाल्यानंतर व पावसापूर्वी जे काही आठवडे मिळतात, त्यांतच नाले व शेततळी पुरी करावयाची असतात. यंत्र एक दिवस उभे राहणे तेव्हा मालकास परवडत नाही आणि तारा जोडण्याचा मोह अनावर होतो.

ज्या तारा जोडल्या जातात त्यांत सर्वांत धोक्याच्या दोन. पहिली, गिअर तटस्थ स्थितीत नसताना इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या कळेची. बॅकहो लोडरमध्ये पुढे-तटस्थ-मागे अशी तीन स्थानांची दांडी सुकाणूच्या खांबावर असते. तिच्या आतील बिंदू झिजले की यंत्र तटस्थ असूनही सुरू होत नाही. कळ वगळून थेट जोडणी केली की ते सुरू होते खरे, पण गिअरमध्ये असतानाही सुरू होते. चाकाजवळ उभा असलेला मदतनीस किंवा यंत्रामागे आलेले मूल ह्यांना वाचविणारी गोष्ट तेवढी एक कळ होती. दुसरी तार खननयंत्राच्या डाव्या हाताशी असलेल्या सुरक्षा-दांडीची. ही दांडी उचलली की नियंत्रक तेलाचा पुरवठा बंद होतो व जॉयस्टिकला धक्का लागला तरी हात हलत नाही. येथील झडप विद्युत्-प्रवाह असेल तरच उघडी राहते. तार तुटली, कळ बिघडली, तरी यंत्र स्तब्ध होते. बिघाड सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, अशी ही योजना आहे. थेट जोडणी ती नेमकी उलटी करते. खाली उतरणाऱ्या चालकाचा शर्ट जॉयस्टिकला अडकतो आणि कित्येक टनांचा वरचा भाग फिरतो.

दोष शोधण्याच्या रीतीतही एक सार्वत्रिक चूक आढळते. कळ काढून बहुमापकाने तिचा रोध मोजतात व तो अल्प दिसला की ‘कळ ठीक’ असा निर्णय देतात. मापकाचा प्रवाह अत्यल्प असल्याने भाराखाली काय होईल हे त्यातून कळत नाही. परिपथ चालू ठेवून कळेच्या दोन अग्रांमधील विभवपात मोजणे हे खरे परीक्षण होय. उदाहरणार्थ, वेटोळ्याचा रोध ३० ओहम व जीर्ण बिंदूंचा २ ओहम असेल, तर २४ व्होल्टवर प्रवाह ०.७५ अँपिअर होतो, कळेवर १.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत एक वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. ती उष्णता बिंदूचा दाब धरणाऱ्या पत्तीला मऊ करते, दाब घटतो, रोध वाढतो व उष्णता आणखी वाढते. कळेजवळचे प्लॅस्टिक पिवळे पडलेले दिसले तर मोजण्याआधीच निदान झाले असे समजावे.

बदलाचे प्रत्यक्ष काम फार लांबत नाही, मात्र त्याचा क्रम पाळला पाहिजे. यंत्र सपाट जागी उभे करून बादली जमिनीवर टेकवावी, चाकांना अटकाव द्यावा. इंजिन बंद केल्यावरही नियंत्रक तेलाच्या संचायकात दाब शिल्लक असतो. किल्ली चालू स्थितीत ठेवून दांड्या सर्व दिशांना हलविल्या की तो उतरतो. मग किल्ली काढून, संगणक निद्रिस्त होण्यास काही मिनिटे देऊन, बॅटरीचे ऋण अग्र प्रथम सोडावे. जुन्या तारा सोडण्यापूर्वी प्रत्येकीस चिठ्ठी बांधावी. रंगावर विसंबू नये, कारण आधीच्या कारागिराने हाती लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते. नवी कळ निवडताना ती भोकात बसते एवढे पाहणे पुरेसे नाही. व्होल्टता, एकदिश प्रवाहाची क्षमता, भाराचा प्रकार, दाबल्यावर टिकणारी की सुटणारी, बिंदू मुळात जुळलेले की विलग, आणि धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण, हे सर्व जुळले पाहिजे.

दांड्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. पुष्कळ यंत्रांत जॉयस्टिक ही विद्युत्-कळ नसून लहान दाबनियंत्रक झडप असते. तिच्या तळाशी चार दट्टे असतात व ३० ते ४० बार दाबाचे नियंत्रक तेल त्यांच्यामार्फत मुख्य झडपेकडे जाते; मुख्य पंपाचा दाब ३०० बारपेक्षाही अधिक असू शकतो. दांडीखालचा रबरी भाता फाटला की धूळ सांध्यात जाते, दट्टे अडखळतात आणि दांडी सोडूनही मध्यावर परतत नाही. फाटलेला भाता वेळीच बदलला असता सगळी झडप वाचते. हा भाता कदाचित यंत्रातील सर्वांत उपेक्षित भाग असावा. झडप बदलताना नळ्यांची अदलाबदल झाली तर परिणाम गंभीर होतो. प्रचलित आयएसओ पद्धतीत डावी दांडी यंत्र फिरविते व मधला हात चालविते, तर उजवी मुख्य भुजा व बादली चालविते. एसएई पद्धतीत मुख्य भुजा डाव्या दांडीकडे व मधला हात उजव्या दांडीकडे जातो. वर्षानुवर्षे एका पद्धतीने काम केलेल्या चालकाचा हात विचार करण्यापूर्वीच हलतो. त्याला न सांगता पद्धत बदलणे म्हणजे त्याच्या हातात परक्या यंत्राची दांडी देणे होय.

इंजिनाचा वेग ठरविणारी चकती ही बहुतेक ठिकाणी परिवर्ती रोध असते. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तिचा संकेत दोन्ही टोकांपासून थोडा आत, सुमारे ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान ठेवलेला असतो, म्हणजे शून्य किंवा पूर्ण ५ व्होल्ट आढळल्यास तार तुटली वा चिकटली हे संगणकास ओळखता येते. नवी चकती बसविल्यावर तिची टोके संगणकाला पुन्हा शिकवावी लागतात. अन्यथा वेग पूर्ण चढत नाही आणि कारागीर डिझेलच्या गाळण्या बदलत बसतो.

काम संपल्यावर पहिली चाचणी मोकळ्या जागी, जवळ कोणी नसताना, मंद वेगात घ्यावी. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होत नाही व सुरक्षा-दांडी उचलल्यावर काहीही हलत नाही, ह्या दोन नकारांची खात्री आधी करावी. होकारांची तपासणी नंतर.

काढलेली कळ फेकून देण्यापूर्वी फोडून पाहण्याची सवय प्रयोगशाळेतही व कारखान्यातही लावण्याजोगी आहे. एका बिंदूवर खड्डा व समोरच्यावर टेकाड दिसले, तर एकदिश प्रवाहाच्या ज्योतीने धातू एकीकडून दुसरीकडे वाहून नेला आहे, डायोड तपासावा. हिरवट पूट असेल तर पाणी आत शिरले आहे, आवरण किंवा तारेचा प्रवेशमार्ग शोधावा. आणि आत नुसतीच काळी, मऊ धूळ सापडली व बिंदू शाबूत असतील, तर नवी कळ तिच्याच जागी बसविण्याआधी फलकाची भेग बुजविली पाहिजे.