बैलाचे दात आणि व्हॅनचा नंबर

२०१६ च्या मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार हे ठरलं आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो गाडीचा. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, म्हणजे सहा माणसं. आमची गाडी पाच जणांची. नवी मिनिव्हॅन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुनी शोधायला लागलो.

मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेले एक गृहस्थ आपली व्हॅन विकत होते. त्यांच्या घरी गेलो. गरम साबुदाण्याची खिचडी झाली, चहा झाला, पुण्याच्या गप्पा झाल्या. आता अशा माणसाला दुरुस्तीच्या पावत्या कशा मागायच्या? गाडी मेकॅनिकला दाखवतो, असं तरी कसं म्हणायचं? घराभोवती एक चक्कर मारली आणि चेक लिहून दिला.

ऑगस्टमध्ये नायगारा बघायला निघालो. हायवेवर इंजिन गुरगुरायला लागलं, पण गाडी काही पुढे सरकेना. ट्रान्समिशन गेलं होतं. बाबांना मधुमेह. आईने डब्यातल्या दशम्या बरोबर ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. टो ट्रक यायला चार तास लागले. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडे तर छान चालत होती हो!" कदाचित ते खरंही असेल. पण त्यानंतर आमचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच.

बाबा एवढंच म्हणाले, "अरे, बाजारात बैल घेताना त्याचे दात बघतात, चालवून बघतात. विकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. तू एवढी मोठी गाडी घेतलीस, तिचं तोंड तरी उघडून बघायचंस!"

तेव्हा मंडळी, व्हॅनचे दात कसे बघायचे ते आता सांगतो.

सगळ्यात आधी व्हिन नंबर घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खाली तो दिसतो. १९८१ नंतरच्या गाड्यांना सतरा अक्षरं-अंकांचा नंबर असतो, आणि दहाव्या जागेवरून मॉडेलचं वर्ष कळतं. एन.एच.टी.एस.ए. या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर तो फुकट टाकून बघता येतो. त्या गाडीवर एखादा रिकॉल बाकी असेल तर लगेच समजतं. रिकॉलची दुरुस्ती डीलरकडे मोफत होते. गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल तर कंपनीला ती करून द्यावीच लागते. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी विकायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, जुन्या गाडीला मात्र तशी मनाई नाही. म्हणून विचारायचं काम आपलंच.

हे रिकॉल काही किरकोळ नसतात. २०१६ मध्ये टोयोटाने २०११ ते २०१६ च्या सात लाखांहून जास्त सिएना परत बोलावल्या. सरकणारं दार गाडी चालू असताना उघडण्याचा धोका होता. २०१७ मध्ये होंडाने २०११ ते २०१७ च्या सुमारे आठ लाख ओडिसी बोलावल्या. दुसऱ्या रांगेतली सीट नीट अडकली नसेल तर ब्रेक लावताना पुढे कलंडू शकत होती. क्रायस्लरच्या २०१७-१८ च्या पॅसिफिका हायब्रिडच्या मालकांना तर २०२२ मध्ये, गाडी घरापासून दूर उघड्यावर लावा, असं सांगितलं होतं, कारण बंद गाडीलाही आग लागण्याची भीती होती. ताकाता एअरबॅगचा रिकॉल तर सर्वांना ठाऊकच आहे.

पण लक्षात ठेवा, प्रत्येक दुखण्याचा रिकॉल होत नाही. झिजलेल्या ट्रान्समिशनचं पत्र कोणी पाठवत नाही. त्यासाठी त्याच वेबसाइटवर त्या मॉडेलबद्दल लोकांनी केलेल्या तक्रारी वाचा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली तर सावध व्हा. १९९९ ते २००४ च्या ओडिसीची ट्रान्समिशन अशीच बदनाम होती. ओडिसीच्या व्ही-सिक्स इंजिनला टायमिंग बेल्ट असतो. साधारण एक लाख मैलांच्या आसपास तो बदलावा लागतो, आणि तुटला तर इंजिनच जाऊ शकतं. बदलल्याची पावती मागा.

गाडी बघायला जाल तेव्हा, इंजिन थंड असू द्या, असं आधीच सांगून ठेवा. गिअर पडताना हिसका बसतो का, डी वरून आर वर टाकताना गाडी थबकते का ते बघा. दोन्ही सरकती दारं दहा-दहा वेळा उघडा-मिटा. मागच्या रांगेचा एसी लावून बघा. बर्फाच्या राज्यातली गाडी असेल तर खाली वाकून गंज तपासा, कारण रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं. कार्पेटखाली चिखल किंवा कुबट वास असेल तर पुरात बुडालेली गाडी समजा आणि सरळ घरी या. कारफॅक्सचा रिपोर्ट जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. आपापसात मिटवलेला अपघात त्यात येत नाही. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला शे-दोनशे डॉलर देऊन गाडी लिफ्टवर चढवा. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर तेच आपलं उत्तर!

२०१९ मध्ये आम्ही दुसरी व्हॅन बघितली. योगायोगाने विकणारे पुन्हा मराठीच. या वेळी चहाच्या आधीच म्हटलं, "रागावू नका, पण व्हिन नंबर द्याल का?" त्यांच्याच टेबलावर बसून नंबर टाकला, तर एक रिकॉल बाकी! ते स्वतः दुसरे मालक; पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या नावे गेलं असावं. दोन वर्षं त्यांची मुलगी त्याच गाडीतून शाळेत जात होती. त्यांच्या पत्नी क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत."

त्यांनी डीलरकडून दुरुस्ती करून घेतली, मेकॅनिकने गाडी पास केली आणि आम्ही ती घेतली. ती अजून चालते आहे, आणि त्या घरी आमचं येणं-जाणंही.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी तर म्हणेन, आपल्याच माणसाला आधी विचारावं. पैसे तर वाचतातच, माणूसही टिकतो.