चित्र पाहताना (लेखांक ९) : छापचित्र

छापचित्रात चित्रकार कागदावर थेट काहीच काढत नाही. चित्र आधी लाकडावर, लिनोवर, तांब्याच्या पत्र्यावर किंवा दगडावर तयार होते. त्यावर शाई चढवून वर कागद ठेवला आणि दाब दिला, की ते कागदावर उतरते, आणि उतरताना उलटे होते: ठशावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे जाते. एकाच ठशावरून पंचवीस-पन्नास प्रती निघतात. यातली प्रत्येक प्रत अस्सल धरली जाते, कारण चित्र पहिल्यांदा घडते ते कागदावरच. ठसा हे त्याचे साधन. प्रसिद्ध कॅनव्हासचा फोटो काढून छापलेले पोस्टर या अर्थाने छापचित्र ठरत नाही. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात, त्यामुळे हा फरक सुरुवातीलाच पक्का करून घेतलेला बरा.

चित्र पाहायला शिकणाऱ्याने आरंभ छापचित्रापासून करावा, असे म्हणायला सबळ कारण आहे. तैलचित्रात वरचा थर खालच्याला झाकून टाकतो आणि चित्रकाराने कुठून सुरुवात केली, कुठे मत बदलले, हे सहसा कळत नाही. छापचित्रात कामाच्या बहुतेक पायऱ्या कागदावर खुणा ठेवून जातात. त्या खुणा कलादालनात शोधता येतात, काही चित्रपटांतून समजून घेता येतात आणि सगळ्यात चांगल्या कळतात त्या हातात हत्यार घेतल्यावर.

पद्धती मुख्यतः चार. उठावाच्या ठशात जे पांढरे राहायला हवे ते कोरून काढतात आणि उरलेल्या उंच भागावर शाई लागते; लाकडी ठसे आणि लिनो यात येतात. एचिंग किंवा खोदरेखनात नेमके उलटे असते: धातूच्या पत्र्यावर रेघा खोलगट करतात, शाई त्या खाचांत भरतात, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद जबर दाबाने त्या खाचांत शिरून शाई उचलतो. शिळाछापात दगड सपाटच राहतो. चौथ्या पद्धतीत, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई खाली ढकलतात. लग्नपत्रिका आणि टी-शर्टांमुळे ही पद्धत बहुतेकांच्या परिचयाची आहे.

उठावाच्या ठशाची ताकद पाहायची तर आल्ब्रेख्त ड्यूररचा १५१५ सालचा ‘गेंडा’ पाहावा. या चित्राचा गोव्याशी थेट संबंध आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने हा प्राणी पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने तो राजा मॅन्युएलकडे पाठवला, आणि १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून निघालेला गेंडा मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपात तेव्हा कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररनेही तो पाहिला नाही. त्याच्या हाती आले ते एक वर्णन आणि एक रेखाटन. प्रत्यक्षातला गेंडा पुढे पोपला नजर करण्यासाठी रोमला पाठवला गेला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

चित्र जेमतेम तीस सेंटिमीटर रुंद आहे. लांबून पाहिले तर कातडीच्या जागी चिलखत चढवलेला प्राणी दिसतो. मानेमागे एक छोटे पिळदार शिंग आहे, जे भारतीय गेंड्याला नसते. पायांवर खवले आहेत. जवळ गेले की डोळा शिंगावरून रेघांवर येतो. चिलखताच्या प्रत्येक तुकड्यावर वेगळी नक्षी आहे: कुठे वर्तुळे, कुठे फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. पेनाने फुली काढणे सेकंदाचे काम. लाकडावर तीच फुली उभी ठेवायची तर तिच्या दोन रेघांमधले चारही कोपरे टोकदार सुरीने स्वतंत्रपणे कोरून काढावे लागतात. ड्यूरर चित्र लाकडावर उतरवून देई आणि कोरण्याचे काम बहुधा त्यात मुरलेले कारागीर करत, म्हणजे या गेंड्यात दोन माणसांचे कसब असावे. ठसा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिला. उशिराच्या प्रतींत गेंड्याच्या पायांमधून एक आडवी पांढरी भेग जाते आणि मधूनमधून किड्यांनी पाडलेली भोके दिसतात. लाकूड म्हातारे होत गेल्याची नोंद चित्रानेच ठेवली आहे.

धातूच्या पत्र्याची गंमत वेगळी, ती बदलत्या मनाची. रेम्ब्रांटने १६५३ मध्ये ‘तीन क्रूस’ हे मोठे चित्र थेट पत्र्यावर खोदले, काही प्रती काढल्या, पत्रा पुन्हा हातात घेतला, पुन्हा काढल्या. चौथ्या टप्प्यावर त्याने कितीतरी आकृत्या घासून नाहीशा केल्या, नव्या घातल्या आणि वरून काळोखाच्या सरळ, दाट रेघा ओढल्या. पहिल्या टप्प्यातली गर्दी स्पष्ट मोजता येते; चौथ्यात ती अंधारात गडप होते आणि उजेड क्रुसावरच्या ख्रिस्ताभोवती उरतो. दोन्ही टप्प्यांच्या प्रती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्या शेजारी ठेवून पाहणे म्हणजे चित्रकाराचा विचार चालू असताना पाहणे. तैलचित्रात यासाठी क्ष-किरण लागतात.

धातूच्या पत्र्यावर आपल्याकडच्या कलावंताने टाकलेले मोठे पाऊल म्हणजे कृष्णा रेड्डी यांचे काम. आंध्रात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले रेड्डी पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत रमले. तिथे त्यांनी कमी-जास्त दाटपणाच्या शाया मऊ आणि कडक रोलरने एकाच पत्र्यावर चढवून, एकाच दाबात अनेक रंग उतरवण्याची पद्धत सहकाऱ्यांसह विकसित केली. त्यांची चित्रे पाहताना रंग एकमेकांत मिसळलेले नाहीत, शेजारी-शेजारी थरथरत आहेत, असे वाटते. शायांचा दाटपणा वेगळा असल्यामुळे त्या खरोखरच एकमेकींना दूर ठेवतात.

कलादालनात छापचित्रासमोर उभे राहिल्यावर प्रथम कडा पाहाव्यात. एचिंग असेल तर चित्राभोवती कागद किंचित दबलेला असतो; तो पत्र्याच्या कडेचा वळ. खाली पेन्सिलीने ‘५/२५’ असे काही लिहिलेले असते: एकूण पंचवीस प्रतींपैकी पाचवी. सहीही पेन्सिलीनेच असते. ‘ए. पी.’ असेल तर ती कलावंताने स्वतःसाठी काढलेली प्रत. मग शाईकडे वळावे. लिनोमधला काळा भाग मखमलीसारखा सपाट असतो, लाकडी ठशात शिरांचे पट्टे उमटतात, एचिंगची रेघ कागदावर अगदी बारीक उचललेली असते आणि तिरप्या उजेडात सावली टाकते. कागदावरची कामे उजेडाने खराब होतात म्हणून संग्रहालये त्यांच्यावर मंद प्रकाश ठेवतात. डोळे त्या प्रकाशाला सरावेपर्यंत थांबावे; घाईने पुढे जाणाऱ्याला यातले निम्मेही दिसत नाही. मुंबईत काळा घोडा परिसरात १९५२ पासूनचे जहांगीर कलादालन आणि सर कावसजी जहांगीर हॉलमधले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जे. जे. कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची छापचित्रे असली तर ती अवश्य पाहावीत. शिकणाऱ्याच्या कामात पद्धत अजून लपलेली नसते.

शिळाछाप मात्र महाराष्ट्रात कलादालनाआधी घराघरांत पोचला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने शोधलेली ही पद्धत तेल आणि पाण्याच्या वैरावर चालते. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात, डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते पक्के करतात, दगड ओला करतात. पाणी कोऱ्या जागी थांबते, तेलकट शाई फक्त रेघांना चिकटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो अशा रंगीत छपाईचा. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञ जर्मन. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. जुन्या वाड्यातल्या देवघरात अजून टिकलेली लक्ष्मी किंवा सरस्वती भिंगातून पाहिली, तर गालावरचा सलग वाटणारा गुलाबी रंग बारीक ठिपक्यांत विरघळतो. एखादा दगड केसभर सरकला असेल तर साडीच्या काठाबाहेर रंगाची पुसट कड दिसते. ही चित्रे ‘कॅलेंडर’ म्हणून हिणवली गेली, ते अन्यायाचे झाले. त्यांच्यामागचे छपाईचे कसब पहिल्या प्रतीचे होते.

याच छापखान्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी फोटो-लिथोचे, म्हणजे छायाचित्रावरून शिळाछाप करण्याचे काम केले. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी बरीच वर्षे मुद्रक होते. सिनेमाकडे वळल्यावर त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा काळ हलक्या हाताने उभा करतो, आणि तो पाहताना फाळक्यांमधला कारागीर विशेष लक्षात ठेवावा. केतन मेहता यांचा ‘रंगरसिया’ रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवर आधारलेला आहे. त्याचा भर चित्रकाराच्या प्रेमावर आणि खटल्यावर आहे. पाहणाऱ्याने आपले लक्ष कामाच्या प्रसंगांकडे वळवून घ्यावे.

चित्रकारांवरच्या बहुतेक चित्रपटांची हीच अडचण असते. आयुष्यातली वादळे पडद्यावर चांगली दिसतात, रोजचे काम कंटाळवाणे वाटते. केंजी मिझोगुची यांचा ‘उतामारो आणि त्याच्या पाच स्त्रिया’ (१९४६) याला मोठा अपवाद आहे. जपानी लाकडी ठशांच्या व्यवहारात प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे चौघे असत. चित्रपटात चित्रकार उतामारोला पन्नास दिवस हातांत बेड्या घालण्याची शिक्षा होते, आणि हात बांधलेल्या चित्रकाराची तडफड मिझोगुची अशी दाखवतात की रेघ ही शरीराची गरज आहे हे पटते. दुसरा आवर्जून पाहण्याचा चित्रपट म्हणजे आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा पिकासोवरचा माहितीपट (१९५६). पिकासो शाई आरपार झिरपेल अशा कागदावर काढतो, कॅमेरा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे हात न दिसता फक्त रेघ वाढताना दिसते. फुलाचा मासा होतो, माशाचा कोंबडा. उत्तरार्धात समुद्रकिनाऱ्याचे एक चित्र बिघडत जाते. तो ते पुन:पुन्हा बदलतो आणि शेवटी नव्याने सुरू करतो. हा भाग दोनदा पाहावा: एकदा सलग, आणि दुसऱ्यांदा मध्येच थांबवून, पुढची रेघ कुठे पडेल याचा अंदाज बांधत.

हाताने करून पाहण्यासाठी लिनो सोयीचा. शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे केलेल्याला तत्त्व माहीतच असते. लिनोलियम हे फरशीवर अंथरण्यासाठी निघालेले साहित्य: जवसाचे तेल, बुचाचा चुरा आणि पाठीला तागाचे कापड. त्याला लाकडासारख्या शिरा नसतात, म्हणून हत्यार कोणत्याही दिशेने सारखेच चालते. तळहाताएवढा तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो. त्यावर चित्र उलटे उतरवायचे. अक्षरे असतील तर आरशात तपासून घ्यायची. बारीक रेघेला व्ही आकाराचे हत्यार, मोकळी जागा काढायला यू आकाराचे. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही.

पहिल्या काही रेघांतच कळते की पेन्सिलीने विचार करायची सवय इथे कामाची नाही. पेन्सिल काळे घालते. हत्यार पांढरे काढते. चेहरा करायचा तर नाक काढण्याऐवजी नाकावरचा उजेड कोरावा लागतो. शाई काचेवर रोलरने पातळ पसरायची, इतकी की रोलर फिरताना चर्रचर्र आवाज यावा. आवाज थांबला तर शाई जास्त झाली आणि बारीक खाचा बुजणार. ठशावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचे, एक कोपरा उचलून बघायचे, कमी वाटले तर परत घासायचे. हे केल्यावर चित्तप्रसाद यांचे लिनो वेगळे दिसू लागतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटने करणारे चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईत आले आणि अंधेरीत राहून त्यांनी कष्ट करणाऱ्या मुलांची लिनोचित्रे केली. त्यात काळा रंग प्रचंड आहे आणि मुलाचे डोळे, हाताच्या शिरा, पाटी किंवा ओझे एवढेच मोजक्या पांढऱ्या फटकाऱ्यांनी निघते. एकही फटकारा मागे घेता येत नसतो, हे हाताला माहीत असेल तर त्या मोजकेपणाचे मोल समजते.

एकाहून अधिक रंग हवे असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा ठसा हा जुना मार्ग. सगळे ठसे एकाच जागी नेमके बसवणे जिकिरीचे असते. पिकासोने १९५८ मध्ये क्रानाख या जुन्या चित्रकाराच्या चित्रावरून एक रंगीत लिनो असा अनेक ठशांनी केला आणि त्यानंतर एकच ठसा टप्प्याटप्प्याने कोरत जाण्याची रीत धरली. आधी फिकट रंगात सगळ्या प्रती छापायच्या, मग त्याच ठशावर आणखी कोरून त्याच कागदांवर गडद रंग चढवायचा, मग पुन्हा कोरायचे. दर टप्प्यावर ठसा संपत जातो. म्हणून प्रती किती हव्यात हे पहिल्या रंगालाच ठरवावे लागते आणि चार-पाच कागद बिघडतील हे गृहीत धरावे लागते. प्रती दोरीवर चिमट्यांनी टांगून पूर्ण वाळू द्यायच्या, एकसारख्या निघालेल्या निवडायच्या, खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही करायची. साधा, न संपणारा ठसा असेल तर ठरलेल्या प्रती झाल्यावर त्यावर एक आडवी रेघ खोल कोरून तो रद्द करतात, म्हणजे त्यावरून पुन्हा प्रती काढल्या जात नाहीत.