बांध ओलांडणाऱ्याचा हेतू

कल्याणहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती आणि बांध कोरल्याच्या तक्रारीवरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे होत, तेथे आता उरल्यासुरल्या मोकळ्या तुकड्यांभोवती पत्र्याचे कुंपण आणि त्यावर ‘विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर फौजदारी कारवाई करण्यात येईल’ अशा मजकुराचा फलक आढळतो. कायद्याच्या दृष्टीने ही धमकी अर्धीच खरी आहे. कारण परक्या जमिनीत पाऊल टाकणारा प्रत्येक इसम गुन्हेगार ठरत नाही, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे असा खुद्द मालकही प्रसंगी त्याच जमिनीवर फौजदारी अतिक्रमणाचा आरोपी होऊ शकतो.

दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत त्याच्या संमतीवाचून अथवा कायदेशीर अधिकारावाचून शिरणे, तेथे ठाण मांडणे किंवा राडारोडा टाकणे, एवढ्यानेच दिवाणी अतिक्रमण पूर्ण होते. मोजणीचे दगड गाडले गेल्याने शेजाऱ्याची भिंत हातभर आत आली, त्यात त्याचा काही दुष्ट हेतू नव्हता, असे त्याने कितीही कळवळून सांगितले तरी दिवाणी न्यायालय मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मागवील, हद्द पाहील आणि मनाई हुकूम, ताबा किंवा नुकसानभरपाई यांपैकी योग्य ती दाद देईल. नुकसान नगण्य असेल तर भरपाईही नाममात्र असेल, इतकेच.

फौजदारी कायद्याची नजर मात्र भिंतीवर नसून भिंत घालणाऱ्याच्या मनावर असते. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम 441 आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 329 यांचा गाभा एकच आहे: दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत एखादा अपराध करण्याच्या, किंवा ताबाधारकाला धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश केलेला असला पाहिजे, किंवा रीतसर आत येऊन त्याच उद्देशाने तेथे बेकायदा मुक्काम केलेला असला पाहिजे. आपल्या येण्याने समोरच्याला त्रास होईल याची केवळ जाणीव असणे पुरेसे नाही, त्रास देणे हाच त्या प्रवेशाचा हेतू असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील मथरी प्रकरणात सांगितले आहे. म्हणून चुकीच्या प्लॉटवर भराव ओतून गेलेला डंपरचालक आणि रात्री दहा-बारा माणसे आणून, रखवालदाराला दमदाटीने पिटाळून, पहाटेपर्यंत तेथे कंटेनरची केबिन उभी करणारा गृहस्थ, या दोघांची कृत्ये बाहेरून सारखी भासली तरी पहिल्याची जागा दिवाणी दाव्यात आहे आणि दुसऱ्याची फिर्यादीत. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुंठ्याचा भाव जेथे लाखांत बोलला जातो, तेथे ही रक्कम म्हणजे कोणाच्या छातीत धडकी भरवील अशी नव्हे.

सातबारा हातात घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला ‘हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा’ हे उत्तर हमखास मिळते. कधी ते बिनचूक असते, कधी केवळ सोयीचे. कारण फौजदारी अतिक्रमण हा दखलपात्र गुन्हा आहे आणि हेतूची लक्षणे स्पष्ट असतील तर केवळ जमिनीचा वाद आहे या सबबीवर तक्रार परत पाठवणे उचित नाही. पण तक्रारदारानेही जाणले पाहिजे की येथे कसोटी मालकीची नसून ताब्याची आहे. भाडेकरूच्या खोलीत धाकदपटशा करण्यासाठी शिरणारा घरमालक याच कलमाखाली येतो, आणि या गुन्ह्यात तडजोड करण्याचा अधिकारही कायद्याने ताबाधारकालाच दिला आहे.

ताबा बळाने गेलाच, तर मुदतीकडे डोळेझाक परवडत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा केल्यास मालकीची उठाठेव न करता ताबा परत मिळू शकतो. शेतजमिनीसाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडेही सहा महिन्यांतच जाता येते. त्यानंतर मालकी सिद्ध करण्याचा लांबचा मार्ग उरतो, आणि प्रतिकूल ताब्याची बारा वर्षे भरली की तोही बंद होतो. दरम्यान, स्थिरावलेला कब्जा आपणच बुलडोझर आणून मोडण्याची मुभा खऱ्या मालकालाही नाही.

ठाण्याजवळच्या शिळ येथे आपल्या जमिनीवर अनधिकृत इमारती उभ्या राहिल्याची तक्रार घेऊन एक वृद्ध महिला मुंबई उच्च न्यायालयात गेली, ती रिट याचिका घेऊन. म्हणजे दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद या दोहोंहून निराळ्या वाटेने. जून 2025 मध्ये न्यायालयाने 17 इमारती पाडण्याचा हुकूम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तोवर त्या जमिनीवर केवळ अतिक्रमण करणारे उरले नव्हते. पैसे मोजून घरे घेतलेली कुटुंबेही होती, आणि हेतू किंवा ताबा यांच्या कसोट्या लावून त्यांचा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.